इंचाला एक वर्ष? ओला ठोकळा सुकण्याच्या भन्नाट गोष्टी

तोडून दोन दिवस झालेल्या झाडाचा ठोकळा दोन्ही हातांनी उचलून बघा. जड लागतो तो लाकडामुळे, हा आपला समज. खरं तर आपण पाणी उचलत असतो. पूर्ण सुकल्यावर ४ किलो भरणाऱ्या ठोकळ्यात ताजेपणी ८० टक्के ओलावा असेल, तर त्यात ३ लिटरपेक्षा जास्त पाणी असतं. त्यातलं जवळजवळ पावणेतीन लिटर बाहेर काढल्याशिवाय त्याचं खेळणं, वाडगा किंवा खुर्चीचा पाय करता येत नाही. एकही तडा न जाता हे पाणी कसं काढायचं, यावर जगभरच्या सुतारांनी शेकडो वर्षं डोकं लढवलं आहे, आणि त्यातून निघालेल्या युक्त्या एकाहून एक मजेदार आहेत.

ओलावा १२५ टक्के! आणि तरी हिशेब बरोबर

लाकडातला ओलावा शंभराच्या वर जाऊ शकतो. कारण तो मोजताना पाण्याचं वजन कोरड्या लाकडाच्या वजनाशी ताडून बघतात. लाकूड १ किलो आणि पाणी सव्वा किलो, तर ओलावा १२५ टक्के. सावर, पांगारा यांसारख्या हलक्या, सच्छिद्र लाकडांत असं सहज घडतं. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं आणि खेळणी परंपरेने याच पांगाऱ्याची. हलकं लाकूड पाणी भरपूर पितं आणि सोडतंही पटकन. खरी परीक्षा असते ती घट्ट लाकडाच्या जाड ठोकळ्याची.

महिनाभर गप्प, मग एका रात्रीत 'टक्'

ठोकळा आणून कोपऱ्यात ठेवला. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. आपण निर्धास्त झालो, आणि एका सकाळी मधोमध बोटभर रुंद चीर! याचं कारण म्हणजे लाकडात पाणी दोन जागी असतं. एक पेशींच्या पोकळीत, मोकळं. दुसरं पेशींच्या भिंतींत, धरून ठेवलेलं. आधी मोकळं पाणी जातं, आणि ते जाताना लाकूड केसभरही आकसत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतींतलं पाणी निघायला लागतं, आणि आकसणं तिथून सुरू होतं. ठोकळ्याचा बाहेरचा थर हा टप्पा आधी गाठतो. त्याला आकसायचं असतं, पण आतला ओला गाभा तसूभर हलत नाही. या ओढाताणीत बाहेरचा थर फाटतो.

त्यात भर म्हणजे लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. गाभ्याकडून सालीकडे थोडं आकसतं, आणि वर्तुळांच्या कडेकडेने त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून झाडाच्या बुंध्याची गोल चकती कापून तिचा पोळपाट करायला गेलात, तर ती सालीपासून मध्यापर्यंत फाटणारच. तिला दुसरा मार्गच नाही. पोळपाट फळीतून कापतात तो उगाच नाही.

आगाशीला सुकवण्याचं शास्त्र नवं नाही

विरार स्टेशनच्या पश्चिमेला, अर्नाळ्याच्या वाटेवर आगाशी आहे. हे गाव सुकेळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची, रात्री झाकून-गुंडाळून ठेवायची, सकाळी पुन्हा उन्हात काढायची. साधारण आठवडाभर हा क्रम चालला की मधासारखं गोड, चिवट सुकेळं तयार होतं. यातलं मर्म रात्रीच्या झाकणीत आहे. दिवसभराच्या उन्हाने केळ्याची बाहेरची बाजू सुकते, रात्री आतली ओल हळूहळू बाहेरच्या थरात येते, आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हाला पुन्हा काम मिळतं. सलग ऊन दिलं तर वरून कातडं धरेल आणि आत गर तसाच राहील.

जाड ठोकळ्यालाही हेच लागतं. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने लाकूड सुकवण्यासाठी सौर भट्टी विकसित केली, तिचा मोठा गुण हाच. पारदर्शक आवरण, आत काळा रंगवलेला पत्रा, हवा फिरवायला पंखा. दिवसा आत तापतं, रात्री थंड होतं. थंड झाल्यावर आतली आर्द्रता वाढते, पृष्ठभाग जरा सैल पडतो, आणि गाभ्यातली ओल बाहेरच्या थरापर्यंत पोचते. विजेवर चोवीस तास चालणाऱ्या भट्टीत हीच विश्रांती मुद्दाम वाफ सोडून द्यावी लागते. सौर भट्टीत ती सूर्य मावळला की फुकट मिळते. सुकवण्याचा वेग विसाव्यातून येतो, हे आगाशीच्या वाडीत केळी वाळवणाऱ्या हातांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे, आणि मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

जहाजांचं गाव

आज आगाशीला जाताना केळीच्या बागा आणि नव्या इमारती दिसतात. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र हे इमारती लाकडाचा व्यापार करणारं, जहाजं बांधणारं बंदर होतं. पोर्तुगिजांनी ते १५३० आणि १५३१ अशा लागोपाठ दोन वर्षांत लुटलं. वसई त्यांच्या ताब्यात आली ती त्यानंतर, १५३४ मध्ये. या किनाऱ्याच्या पाठीशी वैतरणेच्या खोऱ्यातली सागाची जंगलं होती. लाकूड, खाडी आणि कारागीर एकाच ठिकाणी असले की जहाजं बनणारच.

आणि साग म्हणजे सुकताना फार कमी त्रास देणारं लाकूड. आकडेच बघा. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत साग वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो. युरोप-अमेरिकेतला सुतार ज्यावर जीव टाकतो तो ओक, त्यातला अमेरिकेचा पांढरा ओक सुमारे १०.५ टक्के! म्हणजे १० सेंटीमीटर रुंदीत सागाचे सहा मिलिमीटरही जात नाहीत, ओकचा पुरा एक सेंटीमीटर जातो. जाड ओक लवकर सुकवायला निघालेल्या माणसाच्या कपाळावर आठ्या का पडतात, ते या एका आकड्यात कळतं.

नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे इंग्रजांना ओक कमी पडला, तेव्हा त्यांच्या आरमाराने मुंबईच्या वाडिया गोदीकडे धाव घेतली. तिथे सागातून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज ऑक्टोबर १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात तरंगतं आहे. दोनशे वर्षं उलटून गेली!

उभ्या झाडालाच सुकवा

ब्रह्मदेशातली युक्ती तर अफलातून होती. सागाचं झाड तोडायच्या दोन-तीन वर्षं आधी बुंध्याभोवती खोल खाच पाडायची. मुळांकडून येणारं पाणी बंद. झाड उभ्या उभ्या वाळतं, आणि मग तोडतात. कारण ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो, आणि जंगलातून बंदरापर्यंत ओंडके नेणारा रस्ता म्हणजे नदी. वाळवणीसाठी वेगळी वखार नको आणि वाहतुकीला गाडी नको.

पाण्यात बुडवून सुकवायचं?

ऐकायला उलटं वाटतं, पण ही जुनी, मान्य पद्धत आहे. ओंडके दोन ते चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात, जाड टोक प्रवाह येतो त्या बाजूला करून. पाणी आत शिरतं आणि झाडाचा रस, साखर, पिष्ट धुऊन नेतं. मग बाहेर काढून सावलीत वाळवलं की लाकूड लवकर सुकतं, आणि पिष्ट गेल्यामुळे भुंगाही कमी लागतो. बांबूही याच कारणाने पाण्यात भिजत घालतात.

अर्धी जाडी, पाव वेळ

आता या सगळ्यातली सर्वांत कामाची गोष्ट. मोकळ्या हवेत सुकवताना जुन्या सुतारांचा ठोकताळा आहे, जाडीच्या दर इंचाला एक वर्ष. म्हणजे सहा इंचांच्या ठोकळ्याला सहा वर्षं? खरं तर त्याहूनही जास्त, कारण पाण्याला आतून बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या जवळपास वाढतो. जाडी दुप्पट झाली की वेळ तिप्पट-चौपट. हेच उलटं फिरवा. जाडी अर्धी केली, तर वेळ एक चतुर्थांशाच्या आसपास येतो!

म्हणून जाड ठोकळा पटकन सुकवायचा सगळ्यात जलद उपाय भट्टी नाही, मायक्रोवेव्हही नाही. करवत आणि पटाशी. वाडगा करायचा असेल तर कातारी लोक ओल्या लाकडाचाच कच्चा वाडगा कातून घेतात, भिंतीची जाडी व्यासाच्या एक दशांश ठेवून. दहा इंची वाडग्याला एक इंच भिंत. मग तो सावलीत सुकू देतात. काही महिन्यांत तो वाकडातिकडा, अंडाकृती होतो. होऊ दे! शिल्लक ठेवलेल्या जाडीतून पुन्हा गोल कातून काढायचा. एकसंध ठोकळ्याला जिथे वर्षं लागली असती, तिथे महिन्यांत काम होतं, आणि गाभा काढून टाकल्यामुळे तडा जायचं मुख्य कारणच नाहीसं होतं. शिवाय ओलं लाकूड कातणंही सोपं जातं.

आपल्याकडचं उखळ, ढोलकीचं खोड, कोकणातल्या खाड्यांमधल्या एकाच ओंडक्यातून कोरलेल्या होड्या, या साऱ्या वस्तूंच्या मुळाशी हीच समज आहे. मधला भाग आधी काढा, उरलेलं लाकूड शांतपणे आकसेल.

कोरायचं नसेल, तर गाभ्यातून आरपार भोक पाडा, किंवा ज्या बाजूला शेवटी दिसणार नाही तिथे गाभ्यापर्यंत एक करवतीचा चर द्या. लाकडाला आकसायला जागा मिळाली की ते तिथेच उघडतं आणि बाकीच्या बाजू सलामत राहतात. आणि चार फळ्या सुकवून, चिकटवून ठोकळा बनवला तर? तो पक्का ठोकळाच असतो. त्यात कमीपणा मुळीच नाही. एक इंचाच्या चार फळ्या चार इंचांच्या एका तुकड्याच्या कितीतरी आधी तयार होतात.

डोक्याला मेण

लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांचा जुडगा. त्यामुळे पाणी बाजूंपेक्षा टोकांतून दहा-पंधरा पट वेगाने निघून जातं. टोकं आधी सुकतात, आधी आकसतात आणि आधी फाटतात. उपाय सोपा आहे. कापल्या कापल्या, त्याच दिवशी, दोन्ही टोकांना मेण, डांबर किंवा उरलेला ऑइल पेंट जाड थापायचा. आपल्याकडे शेण-मातीचा लेपही देतात. दुसऱ्या दिवशी लावला तर उशीर झालेला असतो, कारण बारीक चिरा डोळ्यांना दिसायच्या आधीच आत शिरलेल्या असतात.

क्रिकेटच्या बॅटीसाठी विलोच्या झाडाचे जे तुकडे फोडतात, त्यांचीही टोकं सुकवण्याआधी मेणात बुडवतात. मैदानावर पुढे चेंडूचा मार खाणाऱ्या त्या फळीची पहिली काळजी ही अशी घेतलेली असते.

ओकमधून फुंकर

लाल ओकची छोटी काडी घ्या, एक टोक साबणाच्या पाण्यात धरा आणि दुसऱ्या टोकातून फुंका. पलीकडे बुडबुडे येतात! त्याच्या नळ्या मोकळ्या असतात. पांढऱ्या ओकमध्ये कितीही फुंका, काही होत नाही, कारण त्याच्या नळ्या आतल्या आत बुजलेल्या असतात. म्हणून दारूची पिंपं पांढऱ्या ओकची करतात, ती गळत नाहीत. आणि नेमकं म्हणूनच पांढऱ्या ओकचा जाड ठोकळा सुकायला इतका हट्टी. जे लाकूड पाणी आत येऊ देत नाही, ते बाहेरही जाऊ देत नाही.

स्वयंपाकघरातल्या युक्त्या

उकळणं: छोटा कातलेला वाडगा मोठ्या पातेल्यात उकळतात, जाडीच्या दर इंचाला साधारण एक तास. उकळल्याने लाकडातला ताण सैल होतो, पाण्याच्या वाटा मोकळ्या होतात. नंतर कागदात गुंडाळून सावलीत ठेवला की तो लवकर आणि कमी भेगांनी सुकतो.

मायक्रोवेव्ह: होय, करतात. पण फक्त लहान तुकड्याला, कमी ताकदीवर, मिनिट-दोन मिनिटं, मग पूर्ण थंड होऊ द्यायचं, वजन करायचं, आणि पुन्हा. इथेही विसावाच महत्त्वाचा. हावरटपणा केला तर बाहेरून लाकूड धड दिसतं आणि आतून जळून धूर येतो. मोठ्या ठोकळ्याला हा प्रयोग करूच नये, आणि जेवण गरम करायच्या ओव्हनमध्ये तर नाहीच.

मीठ: वसईच्या पट्ट्यात मिठागरांची कमी नाही, त्यामुळे ही युक्ती जवळची वाटेल. ओल्या लाकडाच्या पृष्ठभागात मीठ मुरवलं की पृष्ठभाग ओलसर राहतो आणि गाभा त्याच्या बरोबरीने सुकतो, त्यामुळे चिरा कमी. पण किंमत मोजावी लागते. खिळे आणि स्क्रू गंजतात, आणि पावसाळ्यात मिठाचं लाकूड हवेतली ओल ओढून घामेजतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याने हा उपाय टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मिरजेचा भोपळा

सुकण्याची करामत लाकडापुरतीच नाही. तंतुवाद्यांसाठी मिरज प्रसिद्ध आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा वेलीवर वाढतो, मग महिनोन् महिने सुकतो, आणि सुकल्यावर इतका हलका आणि कडक होतो की त्यातून सूर घुमतो. वेलीवरच्या फळाचं सुकल्यावर वाद्य होतं!

तीनशे तेहतीस वर्षं भिजलेला ओक

स्वीडनचं 'वासा' हे ओकचं अवाढव्य लढाऊ जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरातच बुडालं. १९६१ मध्ये ते जवळजवळ अखंड वर काढलं. आता प्रश्न असा, की एवढा पाणी प्यायलेला ओक सुकवायचा कसा? नुसतं हवेत ठेवलं असतं तर चिरफाळ्या होऊन ढीग झाला असता. म्हणून त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाच्या मेणट रसायनाचे फवारे मारले, सलग १७ वर्षं! हे रसायन पेशींच्या भिंतींत पाण्याची जागा घेतं, त्यामुळे लाकूड आकसत नाही. हेच रसायन मलमांत आणि टूथपेस्टमध्येही असतं. काही कातारी लोक ओल्या वाडग्यांनाही ते पाजतात.

आणि मुळी सुकवायचंच नसेल तर?

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं छप्पर २०१९ च्या आगीत जळालं. नव्याने बांधताना सुतारांनी मध्ययुगीन रीतीने कुऱ्हाडीने तासलेला ओला ओकच वापरला. ओल्या तुळया जागेवरच सुकतात, आणि सांधे नीट आखलेले असतील तर आकसता आकसता एकमेकांना आवळून धरतात. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं. लाकूड ओलं असणं हा दोष नसतो. ते कुठे, कसं वापरायचं याची जाण हवी.

आगाशीतला ठोकळा किती सुकणार?

इथे एक मर्यादा मान्य करावी लागते. लाकूड हवेइतकंच कोरडं राहू शकतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडाचा ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात गेली की तो १८ कडे सरकतो. भट्टीतून ८ टक्क्यांवर आणलेलं लाकूड जुलैत अर्नाळ्याच्या वाऱ्यावर ठेवलं, तर ते पुन्हा ओल पिणारच. कपाटाचे खण श्रावणात अडकतात ते याच कारणाने. भारतीय मानक आयएस २८७ ने आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडले आहेत, आणि कोकण किनारा सर्वांत दमट विभागात येतो. म्हणून इथल्या सुताराने राजस्थानच्या आकड्यांमागे धावू नये. ठोकळा जिथे वापरायचा, तिथल्या हवेशी जुळला की काम झालं.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात वसई-विरार पट्ट्यात कितीतरी झाडं उन्मळून पडली, आणि दर पावसाळ्यात आणखी पडतात. आंबा, फणस, चिंच, शिरीष. त्यातलं बरंचसं सरपणात जातं, याचं मनापासून वाईट वाटतं. असा एखादा ओंडका हाती लागला तर त्याच दिवशी टोकांना रंग फासा. गाभा मधोमध येईल असा कापू नका, गाभा वगळून दोन्ही बाजूंचे तुकडे घ्या. हव्या त्या मापापेक्षा थोडं जास्त ठेवून बाकीची जाडी उतरवा. जमिनीपासून वीतभर उंच, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत आणि वाऱ्यावर रचा. पहिले काही आठवडे पंख्याचा थेट झोत नको, वरून गोणपाट असू दे. घाई असेलच, तर ती शेवटच्या टप्प्यात करा. ओलावा २० टक्क्यांच्या आसपास उतरला की प्लायवूडच्या खोक्यात एक दिवा आणि एक छोटा पंखा लावून तुकडे ठेवा. या टप्प्यावर लाकूड उष्णता बरीच सोसतं.

ओलावा मोजायचं यंत्र नसलं तरी वजनकाटा चालतो. तुकड्यावरच तारीख आणि वजन लिहायचं, आठवड्याला एकदा. सुरुवातीला आकडा भराभर उतरेल, मग रेंगाळेल. सलग तीन आठवडे तो हलला नाही, की रंधा काढा.